वहिनी, तुम्ही आत होतात

वहिनी,

लोक अजून येताहेत. येतात ते दादांपाशी बसतात, सासूबाईंचा हात हातात घेतात, कल्याणहून आलेल्या तुमच्या भावाला धीर देतात. मग निघताना स्वयंपाकघराच्या दारात थांबून मला म्हणतात, "आता सगळं तुझ्यावर आलं गं." मी मान हलवते. जाऊ गेली म्हणून जावेचं सांत्वन करायची आपल्यात पद्धत नाही. ते कुणाला सुचत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोषही नाही.

मला ते बरंच वाटतं. कुणी जवळ घेतलं असतं तर मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही. मला काही होतच नाहीये. चहा करते, सगळ्यांना देते, माझा कप ओट्यावर गार होतो. तुमची लुगडी दोरीवरून काढली, घड्या घातल्या, ट्रंकेत ठेवली. वाटलं होतं, हे करताना तरी काहीतरी होईल. झालं नाही. दिवस झाल्यावर कारखान्यात गेले. एका मोठ्या ट्रान्सफॉर्मरची चाचणी होती. सगळे आकडे नीट घेतले, कुठे चूक झाली नाही. सोबतचे लोक हळू आवाजात बोलत होते. मी त्यांना म्हटलं, जरा मोठ्यानं बोला, यंत्राच्या आवाजात ऐकू येत नाही.

तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "बरं केलंस." काम नीट झालं की तुम्ही एवढंच म्हणायचात.

लग्न होऊन मी ठाण्याच्या या घरात आले तेव्हा सगळ्यांनी मला जरा लांबूनच पाहिलं. इंजिनिअर सून म्हणजे नक्की काय, हे कुणालाच कळत नव्हतं. कॉलेजात अख्ख्या वर्गात मी एकटी मुलगी होते, त्यामुळे लांबून बघितलं जायची मला सवय होती. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी घरातले दिवे गेले. गल्लीत दिवे होते, म्हणजे आपलाच फ्यूज. घरात पुरुषमाणूस कुणी नव्हतं. चुडा भरलेल्या हातांनी मी स्टुलावर चढले. सासूबाई खालून म्हणत होत्या, "उतर गं बाई, नव्या नवरीला काही झालं तर तुझ्या डोंबिवलीच्या माणसांना मी काय सांगू?" तुम्ही मात्र पुढे आलात आणि दोन्ही हातांनी स्टूल धरलंत.

दिवे आल्यावर तुम्ही वर बघून विचारलंत, "हे कॉलेजात शिकवतात?"

"नाही. हे तसंच येतं."

"मग कॉलेजात काय शिकवतात?"

मी सांगायला लागले आणि तुम्ही ऐकत राहिलात. तुमची शाळा कल्याणला चौथीपर्यंत झालेली. त्यातलं किती कळलं ते तुम्हालाच माहीत, पण मध्ये मध्ये तुम्ही विचारत होतात. माझ्या स्वतःच्या आईनंही मला हे कधी विचारलं नव्हतं.

मग मी कारखान्यात लागले, मग शैलू झाली. तुमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. त्याबद्दल या घरात कुणी बोलत नसे, आणि न बोलण्यामुळेच ते सतत घरात असायचं. मी कामावर गेले की शैलू तुमच्याजवळ. तिला न्हाऊ घालणं, भात मऊ करून भरवणं, पाठीवर थोपटणं, सगळं तुम्ही. संध्याकाळी मी दारात दिसले की तुम्ही तिला लगेच माझ्याकडे द्यायचात. अगदी लगेच. हातातलं काम संपलेलं असो वा नसो.

शैलू दोन वर्षांची व्हायला आली होती तेव्हा विलायतेचं निघालं. मँचेस्टरच्या एका कॉलेजात उच्च दाबाच्या विजेच्या चाचण्यांचा एका टर्मचा अभ्यास होता, आणि कारखान्याला एक माणूस पाठवायचा होता. ज्यांचं नाव पुढे होतं त्यांना काही जमेना. साहेबांनी मला विचारलं. मी मनातल्या मनात नाही म्हणूनच घरी आले. रात्री जेवताना गंमत म्हणून सांगितलं की आज मला साहेब विलायतेला पाठवायला निघाले होते. माझे यजमान हसले. सासूबाई म्हणाल्या, "आणि पोर काय आईवाचून राहील?" तुम्ही ताक वाढत होतात.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी आपण दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. शैलू सारखी सुपात हात घालत होती आणि तुम्ही दर वेळी तो अलगद बाजूला करत होतात.

"तू जा," तुम्ही म्हणालात.

"कुठे?"

"काल म्हणालीस तिथे."

"वहिनी, मी गमतीनं सांगितलं ते."

"गमतीनं सांगणारीचा घास अडत नाही. मी बघत होते."

मी म्हटलं, "आणि ही?"

"ही माझ्याजवळ." मग तुम्ही निवडायचं थांबलात. "तुला खरं सांगू? यात माझाही स्वार्थ आहे. इतके महिने ही माझ्याजवळ झोपेल. तेवढं मला मिळू दे. उगाच मला चांगली-बिंगली म्हणत बसू नकोस."

मी म्हटलं नाही. पुढेही कधी म्हटलं नाही.

दादांना आणि सासूबाईंना तुम्ही कसं वळवलंत, हे मला कधीच कळलं नाही. आठवडा गेला आणि घरात सगळे असं बोलायला लागले, जणू मी जाणार हे ठरलेलंच होतं. सासूबाईंनी मेतकूट दळायला घेतलं.

निघायच्या दिवशी आपलं पहिलं भांडण झालं. मला शैलूला बंदरावर न्यायचं होतं. तुम्ही म्हणालात, नको, बोटीचा भोंगा ऐकून घाबरेल, तुला लांब जाताना बघेल आणि तेच तिच्या डोक्यात बसेल. सकाळीच तुम्ही तिला घेऊन कल्याणला भावाकडे निघालात. खाडीवरची गलबतं दाखवते म्हणालात. ती नाचत नाचत गेली. मागे वळून तिनं पाहिलंही नाही. मी दारात उभी राहून म्हटलं, "वहिनी, हे तुम्ही माझ्यासाठी नाही केलंत." तुम्ही म्हणालात, "नाही. तिच्यासाठी केलं." आणि टांग्यात बसलात.

तिथलं मी तुम्हाला पुष्कळ सांगितलं होतं. घरमालकीणबाईंचं, त्या मला रोज उकडलेला बटाटा द्यायच्या त्याचं, धुक्यानं दुपारीच दिवे लागायचे त्याचं. प्रयोगशाळेत साडी चालणार नाही म्हणून पहिल्याच दिवशी मला कामगारांचा निळा डगला आणि विजार दिली, आणि ती घालून आरशात पाहिल्यावर मला एकदम तुमची आठवण आली. तुम्ही पोटभर हसला असतात. एक मात्र मी बाकी कुणाला सांगितलं नाही. मोठ्या चाचणीच्या वेळी तिथे सगळे दिवे मालवायचे. मग दाब वाढवत न्यायचा. एका क्षणी चिनी मातीच्या त्या मोठ्या इन्सुलेटरवरून लखकन ठिणगी उडायची आणि आवाज छातीत बसायचा. मी वहीत आकडा टिपायचे आणि पुढच्या ठिणगीची वाट बघायचे. त्या सगळ्या वेळात मला शैलूची आठवण यायची नाही. खोलीवर परत आले की यायची, जेवताना यायची, तिच्या वयाचं पोर रस्त्यात दिसलं की पाय थांबायचे. पण तिथे नाही.

परत आल्यावर तुम्ही विचारलंत, "आवडलं का तिथे?"

मी म्हटलं, "हो. खूप."

"बरं झालं," तुम्ही म्हणालात. "नाही तर फुकट गेलं असतं सगळं."

पण ते नंतर. आधी परत आल्याचा तो दिवस.

यजमानांच्या पत्रांत असायचं, शैलू चांगली आहे, शैलू बोलायला लागली. काय बोलायला लागली ते त्यांनी लिहिलं नव्हतं. त्यांनाही लिहवलं नसेल. मी घरात शिरले तेव्हा तुम्ही तिला नवा झबला-परकर घालून दारातच उभ्या होतात. ती तुमच्या निऱ्यांत शिरली. एक डोळा बाहेर काढून माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, ही कोण?"

मला वाटलं, मलाच विचारतेय. मग कळलं.

तुम्ही पांढऱ्या पडलात. तिला उचललंत आणि माझ्या हातात दिलंत, नेहमीसारखं, लगेच. ती अशी किंचाळली की शेजारच्या बायका बाहेर आल्या. पुढचे काही दिवस तसेच गेले. मी भरवायला गेले की तोंड मिटायची. मी न्हाऊ घालायला घेतलं की तुमच्या नावानं रडायची, म्हणजे माझ्या नावानं. तुम्ही सकाळपासून तिला समजावत होतात, "अगं, ही आई. मी काकू. काकू म्हण." तिला ती गंमत वाटायची. मान हलवून म्हणायची, "तू आई."

मग एके दिवशी मी कामावरून आले तर तुम्ही नव्हतात. भावजयीला बरं नाही म्हणून कल्याणला गेलात, असं दादांनी सांगितलं. किती दिवस, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मी किती चिडले होते, वहिनी. मला वाटलं, ज्या वेळी मला तुमची सगळ्यात जास्त गरज, नेमक्या त्याच वेळी तुम्ही निघून गेलात. कामावरून मी रजा घेतली. शैलू दाराशी बसून राहायची. खाणं जवळजवळ सोडलं. अंग तापलं. सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या आणि यजमान डॉक्टरांकडे खेपा घालत होते. ताप उतरल्यावर मी ठरवलं, पुरे झालं. पोर जिथे खाईल तिथे राहू दे. तिला घेतलं, तिचे चार कपडे घेतले आणि कल्याणची गाडी पकडली.

तुमच्या भावाचं घर बाजाराच्या मागे. दारात तुमची भावजय पीठ चाळत बसलेली, ठणठणीत. मला बघून उठली. म्हणाली, "वन्सं देवळात गेल्यात. आज काही लवकर यायच्या नाहीत." पण उंबऱ्याशी तुमच्या चपला होत्या. डाव्या चपलेचा अंगठा तुम्ही काळ्या दोऱ्यानं शिवून घेतला होतात, तो मला लांबूनही ओळखता आला असता.

शैलूनंही ओळखला. ती माझ्या कडेवरून खाली उतरली आणि त्या चपलांपाशी जाऊन बसली. रडली नाही. नुसती बसली, आतल्या दाराकडे बघत. आत कुठे काही वाजलं नाही. भावजयीनं पदर डोळ्यांना लावला आणि ती पिठाकडे बघायला लागली. हाक मारावी असं खूप वाटलं. पण त्या आतल्या शांततेत असं काही होतं की मला हाक मारवेना. शेवटी मी शैलूला उचललं. ती धडपडली नाही. चपलांकडे बघत बघत कडेवर आली.

कल्याण स्टेशनावर गाडीला वेळ होता. बाकावर आम्ही दोघी बसलो. मी केळं घेतलं, सोललं, स्वतःच खायला लागले, कारण सकाळपासून माझ्याही पोटात काही नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं तोंड उघडलं. मी एक तुकडा तिच्या तोंडात घातला. तिनं खाल्ला, आणि परत तोंड उघडलं. आम्ही दोघींनी मिळून ते संपवलं, मग आणखी एक घेतलं. ठाणं येईपर्यंत ती माझ्या मांडीवर झोपून गेली होती.

पुढच्या महिन्यात तुम्ही परत आलात. अंगावरचं लुगडं ढगळ दिसत होतं, इतक्या वाळला होतात. तुम्ही पाय धुवून आत आलात, मी पाणी दिलं आणि म्हटलं, "वहिनी, तुम्ही आत होतात."

"होते."

"मग बाहेर का नाही आलात?"

"आले असते तर तू तिला परत घेऊन गेली नसतीस."

मी म्हटलं, "ती तुमच्या चपलांपाशी बसली होती."

तुम्ही पाणी प्यायलात. पेला खाली ठेवलात. म्हणालात, "फटीतून दिसत होतं मला. आता हे पुन्हा काढू नकोस."

पण मी काढलं. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा पुन्हा काढलं. मी म्हणायचे, तिनं तुम्हालाही आई म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? इतक्या घरांत मुलं काकूला आई म्हणतात, आईला वहिनी म्हणतात, कुणाचं काही अडतं का? तुम्ही म्हणायचात, "त्यांच्या आया विलायतेला जाऊन आलेल्या नसतात. तुझ्याकडे आधीच सगळे बोट दाखवायला टपलेत. मी तिची आई झाले असते, तर तू या घरात कोण राहिली असतीस?" मी म्हणायचे, "आणि तुमचं काय?" तुम्ही म्हणायचात, "माझं काय. मी मोठी आहे." इथे तुम्ही उठून कुठलंतरी काम काढायचात. हा वाद याच्या पुढे कधी गेलाच नाही. माझ्याकडे उत्तर तयार होतं, वहिनी. दर वेळी तयार असायचं. आता ते कुणाला देऊ?

तुम्ही कल्याणहून परत आल्यावर पहिले काही महिने शैलूच्या तोंडून चुकून निघायचं. मागच्या अंगणातून ती ओरडायची, "आई, बघ ना!" मी कामावर असायचे तेव्हा ती हाक कुणाला आहे ते उघडच होतं. तुम्ही बघायचा नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "अगं पोर हाक मारतेय." तुम्ही म्हणालात, "त्या हाकेला मला ऐकू येत नाही, असं मी ठरवलंय." एकदा मी घरीच होते आणि ते पाहिलं. तुम्ही कणीक मळत होतात. हाक आली, तुमचे हात परातीत थांबले. मान वर झाली नाही. मग अंगणातून "काकू!" अशी हाक आली आणि तुम्ही "आले गं" म्हणत कणकेच्या हातांनीच धावलात.

अशी ती शिकली. सगळं शिकली. मला आई म्हणू लागली, माझ्याजवळ झोपू लागली, माझ्यासारखी कपाळाला आठी घालून बोलू लागली. आणि कारखान्यात चाचणी विभाग माझ्या हाताखाली आला तेव्हा तुम्ही घरी बासुंदी केलीत, सगळ्यांना वाढलीत आणि स्वतःला उरली नाही तेव्हा भांडं खरवडून खाल्लंत. त्या विभागातली एकेक चाचणी मी तिथे त्या टर्ममध्ये शिकले आहे. ती टर्म कुणी दिली ते कारखान्यात कुणालाही माहीत नाही.

काविळीनं तुम्ही इतक्या भराभर खचाल असं डॉक्टरांनाही वाटलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी मी म्हटलं, आज जात नाही, बसते तुमच्याजवळ. तुम्ही म्हणालात, "इथे बसून काय करणार आहेस? काविळीचा फ्यूज बदलता येतो का तुला?" आणि हसलात. डोळे पिवळेजर्द होते. "जा. शैलू दुपारी येईलच शाळेतून. ती बसेल." मी गेले. आपण शेवटचं बोललो ते असं, फ्यूजवर.

संध्याकाळी आले तेव्हा दारात माणसं होती. सासूबाई म्हणाल्या, शैलू तुमच्याजवळ बसलेली होती, तुमचा हात तिच्या पाठीवर होता, दार लोटलेलं होतं. दुपारभर आतून दोघींचं हळू बोलणं ऐकू येत होतं, मग थांबलं. काय बोलणं झालं ते शैलूनं सांगितलेलं नाही. मी विचारलेलं नाही. ती रडलीही माझ्यासारखीच, म्हणजे नाहीच. जेवते, अभ्यास करते, वेणी घालायला माझ्यापुढे येऊन बसते.

या सोमवारपासून ती शाळेत जायला लागली. काल संध्याकाळी मी कामावरून येऊन पाय धूत होते तेव्हा दार वाजलं. तिच्या वर्गाच्या बाई होत्या. यंदाच नव्या आल्यात, मी त्यांना पाहिलं नव्हतं, त्यांनी मला पाहिलं नव्हतं. तरुण आहेत. दारातच त्यांचे डोळे भरून आले होते.

"शैलाला विचारलं, इतके दिवस शाळेत का आली नाहीस," त्या म्हणाल्या. "तर म्हणाली, आई वारली. एवढंसं पोर, आणि इतकं शांतपणे सांगितलं. मला राहवलं नाही, म्हणून आले." पदरानं डोळे पुसून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आपण तिच्या कोण?"

शैलू माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. मला ते न बघताही कळलं. ती श्वास रोखून होती, आता मी काय म्हणते ते ऐकायला.

"तिनं खरं तेच सांगितलं," मी म्हटलं. "मीही तिची आईच."

बाईंना काही कळेना. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग तिच्याकडे. मी म्हटलं, या, आत बसा, सांगते. त्यांना पाट दिला, शैलूला माझ्याजवळ घेतलं, आणि तुमच्याबद्दल सांगायला लागले.